महारठी कुळे आणि सातवाहन राजघराणे : सोयरीक आणि देयधम्म

जुन्या लोकांच्या तोंडी अद्याप 'वाढोणा' असलेल्या हिमायतनगर येथील उपासक-उपासिकांचा एक संच गेल्या वर्षावासात कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी पाहून आला. परतल्यावर झालेल्या धम्मचर्चेत एका उपासिकेने आम्हांस विचारले, "सर, ही लेणी सातवाहन राजांनी कोरली असे आम्हांला तिथे सांगितले. मग त्याच राजांनी नाणेघाटात अश्वमेध केल्याचे लिहून ठेवले आहे, ते कसे?" प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. त्या दिवशी जे अपुरे सांगितले ते येथे सविस्तर मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे फिरत असतात. पहिले उत्तर असे की, सातवाहन हे बौद्धच होते आणि यज्ञांच्या गोष्टी मागाहून घुसडल्या गेल्या. दुसरे असे की, सातवाहन हे वैदिक धर्माचे अभिमानी राजे होते, परंतु उदार मनाने त्यांनी बौद्ध भिक्खूंना लेणी कोरून दिली. पहिले उत्तर आपल्या सभांतून ऐकू येते, दुसरे पाठ्यपुस्तकांतून. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. दोघांनाही लेण्यांचा कर्ता म्हणून राजाच हवा असतो. शिलालेख वाचू लागल्यावर मात्र राजाच्या आधी आणि राजाहून अधिक वेळा दुसरीच माणसे भेटतात. व्यापारी, सुतार, गंधविक्रेते, भिक्खू आणि भिक्खुणी ही तर भेटतातच. त्यांच्यासोबत एक उच्चपदस्थ वर्गही भेटतो आणि तो स्वतःला 'महारठी' म्हणवितो. सातवाहनांची सत्ता ज्या खांद्यांवर उभी राहिली त्यांत या वर्गाचा खांदा मोठा होता, आणि राजघराण्याशी त्याचा सोयरसंबंध होता. म्हणून आधी या महारठींची ओळख करून घेऊ.

प्रथम शब्दाविषयी. हा शब्द महाभारतातील 'महारथी' नव्हे. रथाशी त्याचा संबंध नाही. संस्कृत 'राष्ट्र' याचे पालीत 'रट्ठ' होते, 'राष्ट्रिक' याचे 'रट्ठिक' होते, आणि लेण्यांच्या प्राकृतात जोडाक्षर गळून 'रठि' उरते. त्यास 'महा' लागला की 'महारठि' होते. शिलालेखात ठकार स्पष्ट आहे, तरी मार्गदर्शक पुस्तिकांतून 'महारथी' असेच छापले जाते आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर कुरुक्षेत्र उभे राहते.

पाली वाङ्मयात 'रट्ठिक' हा शब्द अंगुत्तर निकायाच्या पञ्चक निपातात आला आहे. लिच्छवी कुमारांच्या संदर्भातील त्या सुत्तात कुलपुत्र कोणकोणत्या पदांवर पोहोचू शकतो याची यादी आहे. अभिषिक्त क्षत्रिय राजा, रट्ठिक, पेत्तनिक, सेनापती, ग्रामप्रमुख, पूगाचा म्हणजे संघटनेचा प्रमुख असा तो क्रम आहे. राजाच्या लगेच खाली रट्ठिक येतो हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 'पेत्तनिक' म्हणजे पितृपरंपरेने आलेल्या संपत्तीवर जगणारा. सम्राट अशोकाच्या पाचव्या शिलाशासनात पश्चिमेकडील लोकांच्या उल्लेखात 'रठिक' आणि 'पेतेणिक' हे शब्द असेच शेजारी शेजारी येतात. अंगुत्तराच्या या स्थळाशी त्याचा मेळ घालून देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी 'पेतेणिक' हे वेगळ्या लोकसमूहाचे नाव नसून 'वंशपरंपरागत' अशा अर्थाचे विशेषण असावे असे सुचविले. सर्वांनी ते मान्य केलेले नाही. परंतु पश्चिम दख्खनेत वंशपरंपरेने प्रदेश राखणारी कुळे मौर्यकाळापासून होती, एवढे तरी यावरून निश्चित होते. सातवाहन येथे आले ते मोकळ्या भूमीवर आले नाहीत.

आता नाणेघाटाकडे वळू. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. त्यात भिक्खूंची निवासकोठडी नाही, स्तूप नाही. मागील भिंतीवर राजकुलाच्या व्यक्तींच्या शिल्पाकृती एका रांगेत कोरलेल्या होत्या. त्या आज नष्ट झाल्या असून डोक्यावरच्या नावपट्ट्या आणि पायांचे अवशेष तेवढे राहिले. या पट्ट्यांत पहिले नाव सिमुक सातवाहनाचे. नंतर देवी नायनिका, जिला आपण नागनिका म्हणतो, आणि राजा श्री सातकर्णी यांचे जोडनाव. पुढे कुमार भाय याचे नाव येते. त्याच रांगेत, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन यांच्या आधी, एक नाव आहे ते सातवाहन कुळाचे नव्हे. ते आहे 'महारठि त्रनकयिरो'.

राजघराण्याच्या प्रतिमादालनात एका महारठीची प्रतिमा का असावी? उत्तर बाजूच्या भिंतींवरील मोठ्या लेखात मिळते. त्या लेखातील राणी ही अंगिय कुळाची वृद्धी करणाऱ्या एका महारठीची कन्या आहे. लेख अनेक ठिकाणी फुटला आहे. तरी भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्यापासून बहुतेक अभ्यासकांनी ही राणी म्हणजे नागनिका आणि तिचा पिता म्हणजे प्रतिमादालनातील त्रनकयिरो असे मानले आहे. अर्थात येथे राजाचा सासरा राजाच्या पूर्वजांच्या आणि पुत्रांच्या पंक्तीत उभा आहे. भारतातील राजकुलांच्या इतिहासात हे फार विरळ दृश्य आहे. सासऱ्याचे साह्य घेणारे राजे पुष्कळ झाले. त्याला स्वतःच्या वंशावळीच्या भिंतीवर स्थान देणारे थोडे. पती निवर्तल्यावर, पुत्र लहान असताना, राज्याची धुरा नागनिकेच्या हाती आली असे या लेखावरून सामान्यतः मानले जाते. तसे असेल तर ही भिंत म्हणजे केवळ स्मारक नव्हे. माझे माहेर माझ्या पाठीशी आहे, हे घाटातून जाणाऱ्या प्रत्येक सार्थवाहाला सांगणारी ती जाहीर खूण होय. सातकर्णी आणि नागनिका या दोघांची नावे एकत्र असलेली चांदीची नाणीही मिळाली आहेत. राजाच्या नाण्यावर राणीचे नाव येणे हे त्या माहेराचे वजन दाखविते.

मोठ्या लेखाचा मुख्य विषय यज्ञ हाच आहे. अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय, गवामयन, आप्तोर्याम अशी नावे त्यात येतात आणि प्रत्येकाची दक्षिणा आकड्यांनिशी सांगितली जाते. अनेक यज्ञांत १००१ गायी, एके ठिकाणी २४,४०० काहापण, शिवाय हत्ती, घोडे, गावे. भारतातील प्राचीन अंकचिन्हांच्या अभ्यासाला हा लेख फार उपयोगी पडला आहे, इतके हे आकडे विपुल आहेत.

येथे आम्हांस आपल्याच काही लेखकांशी मतभेद नोंदवावा लागतो. लेखाच्या आरंभी 'धंम' याला नमन आहे. तेवढ्यावरून हा लेख बौद्ध आहे असे प्रतिपादन आम्ही एकाहून अधिक ठिकाणी वाचले आहे. परंतु त्या नमनाच्या लगेच पुढे इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल यांना नमन आहे. देवतांच्या अशा रांगेत येणारा धंम हा तथागतांचा सद्धम्म नव्हे, तर देवतारूप धर्म होय. नमनातील पहिला शब्द उचलून बाकीची ओळ झाकणे योग्य नाही. बुद्ध आणि संघ यांचा त्या नमनात उल्लेखही नाही. नाणेघाटाचा लेख वैदिक यज्ञांचा आहे, हे आपण स्वच्छपणे मान्य करावे. तसे केल्याने आपले काही जात नाही, कारण आपली गोष्ट दुसऱ्या दगडांवर कोरलेली आहे.

ते दगड पाहू.

कार्ल्याच्या महाचैत्यगृहासमोर डाव्या हातास सिंहस्तंभ उभा आहे. एकवीरा देवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या गर्दीत त्याच्याकडे फार कमी लोक मान वर करून पाहतात. त्यावरील छोट्या लेखात, हा सिंहस्तंभ गोतिपुत्र महारठी अगिमित्रणक याचे दान आहे, एवढेच सांगितले आहे. भाज्याला पाण्याच्या एका टाक्यावर कोसिकीपुत्र महारठी विण्हुदत याचे नाव आहे. टाक्याला तेथे 'पोढी' म्हटले आहे आणि दानाला 'देयधम'. 'देयधम्म' हा शब्द आपल्या पाली ग्रंथांतून ओळखीचा आहे. बेडसे येथील टाके एका स्त्रीचे दान आहे. तिचे नाव सामडिनिका. ती महाभोजाची कन्या, अपदेवणकाची पत्नी, आणि स्वतः 'महारठिनी' आहे. पाच-सहा शब्दांच्या या लेखात दोन सामंत कुळांची सोयरीक नोंदली गेली आहे. कोकणात मांदाड खाडीच्या परिसरात महाभोजांची सत्ता होती. कुडा येथील लेण्यांत त्या मांदव महाभोजांची, विशेषतः महाभोजी सडगेरी विजया आणि तिचा पुत्र खंदपालित यांची, नावे आढळतात. सह्याद्रीच्या खालचे महाभोज आणि वरचे महारठी यांच्या मधे घाटवाटा होत्या. त्या घाटवाटांवरच ही लेणी आहेत.

कान्हेरीचा एक लेख याहून बोलका आहे. नागमुलनिका नावाची स्त्री तेथे लेणे दान देते आणि आपली ओळख नात्यांनी सांगते. ती महारठीची पत्नी आहे, महाराजाची आणि महाभोजीची कन्या आहे, महाभोजाची बहीण आहे आणि खंदनागसातक याची माता आहे. रॅप्सन यांनी या लेखाचा संबंध कर्नाटकातील बनवासी येथील लेखाशी जोडला. तेथे चुटु कुळातील सातकर्णी महाराजाची कन्या नागप्रतिमा, तलाव आणि विहार यांचे दान करते. दोन्ही लेख एकाच कुटुंबाचे असतील तर सोपाऱ्याजवळच्या कान्हेरीपासून बनवासीपर्यंतची राजकुले या एका बाईच्या नात्यात गुंफली गेलेली दिसतात. राजा, महाभोज आणि महारठी ही तीन पदे तिच्या माहेर-सासरात एकत्र येतात. तिने आपली ही सारी प्रतिष्ठा कोठे लिहून ठेवली? यज्ञस्तंभावर नव्हे. भिक्खुसंघाच्या लेण्यावर.

महारठींचे राजकीय स्थान नेमके काय होते, ते कार्ल्याच्याच दुसऱ्या एका लेखातून उलगडते. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या राज्यवर्षी ओखळकिय कुळातील महारठी सोमदेव, जो महारठी मितदेवाचा पुत्र, याने वलुरक येथील लेण्यांतील संघाला एक गाव दिले. वलुरक हे कार्ल्याचे जुने नाव. गाव त्यातील करांसह आणि देण्यांसह दिले आहे. विचार केला पाहिजे की, कर दुसऱ्याला देऊन टाकण्याचा अधिकार कोणाला असतो? ज्याच्या हाती तो कर येतो त्यालाच. म्हणजे सोमदेव हा पगारी अधिकारी नव्हे. गावाच्या उत्पन्नावर त्याचा स्वतःचा हक्क आहे. या देणगीसाठी राजाची आज्ञा घेतल्याचेही तो लिहीत नाही. परंतु कालगणना मात्र तो राजाच्या राज्यवर्षाने करतो. उत्पन्न आपले आणि वर्ष राजाचे, अशी ही विभागणी होती. बापही महारठी, मुलगाही महारठी, यावरून पद वंशपरंपरागत होते हेही कळते. कर्नाटकातील चित्रदुर्ग भागात तर 'सदकन' महारठींची स्वतःची शिशाची नाणी मिळाली आहेत. ज्याच्या हाती टांकसाळ आहे त्याला नुसता सरदार म्हणता येत नाही.

अशा कुळांना बांधून ठेवण्याचा राजापुढे मार्ग कोणता? सैन्याने एकदा जिंकता येते, पण पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवते ती सोयरीक. जगाच्या इतिहासात याची पुष्कळ उदाहरणे आहेत. चीनवर १६४४ पासून १९१२ पर्यंत राज्य केलेल्या मांचू राजघराण्याचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. राजवंश आइसिन ग्योरो. त्याच्याशी बांधलेल्या मोठ्या कुळांपैकी एक न्योहुरू. या कुळातील एइदू हा संस्थापक नुर्हाची याचा निकटचा साथीदार होता. एइदूचा पुत्र एबिलुन हा खांगशी सम्राटाच्या बालपणी नेमलेल्या चार राज्यपालकांपैकी एक झाला, आणि एबिलुनची कन्या पुढे त्याच सम्राटाची सम्राज्ञी झाली. नंतरच्या छियानलुंग सम्राटाची माता न्योहुरू कुळाचीच. एकोणिसाव्या शतकापर्यंत या कुळाच्या कन्या राजप्रासादात सम्राज्ञी म्हणून येत राहिल्या. तेथे हे सारे दप्तरात नोंदलेले आहे आणि कुलवृत्तान्तांत छापलेले आहे. आपल्याकडे अंगिय, ओखळकिय अशा कुळांची दप्तरे नाहीत. एखाद्या टाक्यावरची ओळ, सिंहस्तंभावरचे नाव, नाण्याची झिजलेली कडा, एवढ्यावरून आपल्याला तोच इतिहास जोडावा लागतो. आणि या ओळी टिकल्या त्या दान संघाला होते म्हणून. जे महारठी कोणालाच काही देऊन गेले नाहीत त्यांची नावेही आज उरली नाहीत.

आणखी एक बारकावा. सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे लावतात हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते, आणि त्यावरून सातवाहनांत मातृसत्ता होती असे उत्साहाने सांगितलेही जाते. परंतु वर आलेली महारठींची नावे पुन्हा पाहावीत. गोतिपुत्र, कोसिकीपुत्र. सोमदेव हा वासिठीपुत्र आहे आणि त्याचा पिता मितदेव कोसिकीपुत्र. म्हणजे हा प्रघात केवळ राजघराण्याचा नव्हता, राजघराणे ज्यांच्याशी सोयरीक करीत होते त्या सगळ्या वर्गाचा होता. राज्य पित्याकडून पुत्राकडेच जात होते, म्हणून याला मातृसत्ता म्हणणे चुकीचे. अनेक राण्या असलेल्या घरात हा पुत्र कोणत्या माहेराचा, हे सांगणारी ती खूण असावी. माहेराला वजन असल्यावाचून अशी खूण कोणी नावात मिरवीत नाही.

येथपर्यंत आल्यावर उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. एकाच नातेसंबंधाच्या जाळ्यात राजाचे घर यज्ञ करीत होते आणि त्याच्याशी बांधलेली कुळे संघाला दान देत होती. नाशिकच्या चैत्यगृहात एक लेख आहे. त्यात भटपालिका नावाची स्त्री आपण महाहकुसिरी याची नात असल्याचे सांगते. तिचा पिता राजामात्य आणि पतीही राजामात्य. चैत्यगृहाचे काम तिने पूर्णत्वास नेले. हा महाहकुसिरी म्हणजे नाणेघाटातील कुमार हकुसिरी होय असे अनेक विद्वान मानतात. तसे असेल तर ज्या राजपुत्राची प्रतिमा अश्वमेधाच्या लेखाशेजारी उभी होती, त्याचीच नात दोन पिढ्यांनी स्तूपाभोवतीचे घर पुरे करते.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच होता असे नाही. सातवाहनांनंतर कृष्णाकाठी आलेल्या इक्ष्वाकूंत तो अधिक ठळकपणे दिसतो. नागार्जुनकोंड्याच्या लेखांत राजा चांतमूल हा अग्निष्टोम, वाजपेय, अश्वमेध करणारा म्हणून येतो. त्याची सख्खी बहीण चांतिसिरी ही मात्र तेथील महाचेतियाची दात्री आहे. तिचा पती पुकिय कुळातील महातलवर होता. महातलवर हे महारठीसारखेच मोठे सामंतपद. तिने आपली कन्या चांतमूलाच्या पुत्राला, वीरपुरुषदत्ताला दिली. म्हणजे चांतिसिरी ही राजाची आत्याही आणि सासूही. आत्याची मुलगी करण्याची ही चाल आपल्या नांदेड-लातूरकडील वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्यात ते खोरे १९६० नंतर बुडाले, पण तत्पूर्वी उत्खनन होऊन अवशेष टेकडीवर हलविले गेले, म्हणून हे कुटुंब आज आपल्याला नावानिशी ठाऊक आहे.

राजे संघाला काहीच देत नव्हते असा मात्र याचा अर्थ करू नये. सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी नाशिकला त्याच्या महामात्राने लेणे कोरविले. गौतमीपुत्र सातकर्णीने अठराव्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवून तेथील भिक्खूंना शेतजमीन दिली. ही जमीन आधी उषवदाताच्या ताब्यात होती. उषवदात हा क्षहरात राजा नहपानाचा जावई, म्हणजे पुन्हा सोयराच. त्याची पत्नी दखमिता हिनेही नाशिकला भिक्खूंसाठी कोठडी दिली आहे. जिंकलेल्या मुलखात शत्रूच्या दानावर आपले दान चढवणे यात श्रद्धेइतकेच राजकारण होते. संघाला गाव मिळाले की त्यासोबत राजसेवकांनी आत शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलतीही मिळत. त्या घाटांतून व्यापारी जात, भिक्खू जात, आणि त्यांच्या सदिच्छेची राजाला आवश्यकता होती. परंतु महाचैत्य कोणी उभारले असे विचाराल तर कार्ल्याचा लेख वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव सांगतो. दरवाजाचे काम धेनुकाकटाच्या सामि नावाच्या सुताराचे आहे. पितळखोऱ्याला पैठणचा गंधिक कुळातील मितदेव आणि राजवैद्य मगिल स्तंभ आणि कोठड्या देतात. आपल्या पैठणहून निघालेली ही नावे आहेत आणि त्यांत सातवाहन राजाचे नाव नाही. 'सातवाहनकालीन लेणी' हा शब्दप्रयोग बरोबर आहे. 'सातवाहनांची लेणी' हा नव्हे.

आता एका नाजूक विषयाला हात घालणे भाग आहे. महारठी म्हणजे आजचे मराठा, असे एक मत आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 'महाराष्ट्र' या नावाचा उगम रट्ठ-महारट्ठ या लोकांत पाहिला होता, त्यातून ते लोकप्रिय झाले. त्याच्या उलट, महाराष्ट्र म्हणजे महारांचे राष्ट्र, ही व्युत्पत्ती जॉन विल्सन यांनी मांडली आणि ती आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. आम्हांस दोन्ही दावे जातीच्या अंगाने करणे अमान्य आहे. महारठी हे पद होते. अंगुत्तरात रट्ठिक हा सेनापतीच्या शेजारी येतो, एखाद्या जातीच्या शेजारी नाही. पदाच्या नावावरून दोन हजार वर्षांनंतरची जात सिद्ध होत नाही, जशी 'पाटील' या आडनावावरून होत नाही. शब्दाचे साम्य ही भाषेची साक्ष आहे, रक्ताची नव्हे. महावंसात मोग्गलिपुत्त तिस्स यांनी महाधम्मरक्खित थेरांना 'महारट्ठ' येथे पाठविले आणि त्यांनी तेथे महानारदकस्सप जातक सांगितले असे येते. तो उल्लेख देशाचा आहे. तेथील लोक ऐकायला बसले, तेव्हा थेरांनी त्यांची जात विचारली नाही.

जातीचा विषय निघालाच आहे, तर सातवाहनांच्या बाबतीत तो टाळून चालत नाही. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने ते लेणे भदावनीय भिक्खूंना दिले. लेखाचा मोठा भाग तिच्या दिवंगत पुत्राच्या, गौतमीपुत्राच्या स्तुतीने भरला आहे. त्यात तो अद्वितीय ब्राह्मण होता, त्याने क्षत्रियांचा दर्प मोडला, शक-यवन-पल्हवांचा नाश केला, आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला असे म्हटले आहे. भिक्खूंच्या निवासावर वर्णसंकर थांबविल्याची फुशारकी कोरली जावी, यातील विसंगती वाचकांना सांगावी लागू नये. भिक्खूंनी हा मजकूर कसा सहन केला, असे आमचे विद्यार्थी विचारतात. निवारा त्यांचा झाला होता आणि भिंत राजमातेची होती, याहून अधिक उत्तर आम्हांजवळ नाही.

परंतु या फुशारकीचे पुढे काय झाले ते पाहावे. वर्णसंकर थांबविणे म्हणजे व्यवहारात विवाहावर कुंपण घालणे होय. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात जातीचे सार सजातीय विवाहात आहे असे दाखविले. त्या कसोटीवर हे राजघराणे घासून पाहता येते. कान्हेरीला संस्कृत भाषेत कोरलेला एक लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र श्री सातकर्णी याची राणी कार्दमक राजवंशात जन्मलेली आणि महाक्षत्रपाची कन्या असल्याचे सांगितले आहे. पित्याच्या नावातील 'रु' एवढेच अक्षर वाचता येते आणि तो रुद्रदामन होय हे सर्वमान्य आहे. म्हणजे ज्या कुळाने शकांचा नाश केल्याचे आणि संकर थांबविल्याचे लिहिले, त्याच कुळात शक राजकन्या सून म्हणून आली. रुद्रदामनाचा जुनागढचा लेख शके ७२ नंतरचा, म्हणजे इ.स. १५० च्या सुमाराचा. त्यात तो सांगतो की, दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा जिंकले, परंतु संबंध जवळचा असल्यामुळे त्याला समूळ नष्ट केले नाही. वर्णसंकराविरुद्धच्या घोषणेने जे राज्य राखता आले नाही ते त्या घोषणेविरुद्ध झालेल्या विवाहाने राखले.

कुंपण इतरांसाठी होते आणि राजवाड्याची दारे सोयीप्रमाणे उघडत होती. नागनिकेच्या वेळी महारठी सासरा भिंतीवर आला, या राणीच्या वेळी महाक्षत्रप सासरा लेखात आला. मधल्या काळात महारठी कुळे कार्ले, भाजे, बेडसे, कान्हेरी येथे टाकी, स्तंभ, गावे देत राहिली.

कान्हेरीच्या त्या लेखाविषयी एक गोष्ट राहिली. तोही दानलेखच आहे. राणीच्या विश्वासू अमात्याने, सतेरकाने, भिक्खूंसाठी पाण्याचे टाके दिले आणि त्याच्या काठावर हे कोरले. सतेरकाचे नाव शाबूत आहे. राणीच्या पतीचे नाव शाबूत आहे, तिच्या वंशाचे नाव आहे, पित्याच्या नावाचे एक अक्षर आहे. दगड फुटला आहे, आणि तिचे स्वतःचे नाव उरलेल्या अक्षरांत नाही.